दांडा दाबण्याआधीच कॉफी झालेली असते

फ्रेंच प्रेस म्हणजे झाकणातून खाली सरकणाऱ्या दांड्याला जाळी लावलेलं कॉफीचं उभं भांडं. तो पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी त्यात अगदी बारीक दळलेली पूड घातली, वर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि दोन्ही तळव्यांनी दांडा खाली रेटू लागलो. दांडा हलेना. आणखी जोर लावला. मग एकदम जाळी एका अंगाला कलंडली, कडेच्या फटीतून गरम चोथ्याची पिचकारी उडाली आणि मनगट भाजलं. ओट्यावर, भिंतीवर, शर्टावर काळे शिंतोडे. ताई दारात उभी राहून पाहत होती. "अरे, कॉफी करतोयस की धुणं पिळतोयस?" असं म्हणून तिने माझा हात नळाखाली धरला.

मनगट आठवड्यात बरं झालं. टोमणा मात्र डोक्यात राहिला, कारण तो बरोबर होता. नावातच प्रेस आहे म्हटल्यावर मी धरून चाललो होतो की दाबलं की पुडीतून कॉफी निघते. प्रत्यक्षात दांड्याला हात लावायच्या आधीच भांड्यात कॉफी तयार असते. दांडा करतो ते काम गाळणीचं. एवढं एकदा पटलं की किती जाड दळायचं, किती वेळ थांबायचं, कधी थांबायचं नाही, हे सगळं पाठ करावं लागत नाही.

पटत नसेल तर हिशोब करा. मध्यम प्रेसची जाळी साधारण १० सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे ७५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तिच्यावर १० किलोचा भार टाकला तरी दर चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येतात जेमतेम १३० ग्रॅम. एस्प्रेसो म्हणजे पुडीतून जोराने पाणी रेटून काढलेली दाट कॉफी. तिच्या मशीनमध्ये दाब असतो सुमारे ९ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ९ किलोहून थोडा जास्तच. साठ-सत्तर पटींचा फरक आहे, आणि तो तळव्यांनी भरून निघणारा नाही. दंडाला रग लागेल, काच फुटेल, पण एस्प्रेसो होणार नाही.

नावातला 'फ्रेंच'सुद्धा निम्माच खरा आहे. १८५२ मध्ये फ्रान्सात मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं. त्यात दांड्याला जोडलेला भोकं पाडलेला पत्रा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅनेलचं कापड. म्हणजे मुळात गाळणीच, फक्त वरून खाली सरकणारी. आजच्या भांड्याच्या जवळ जाणारं पेटंट १९२९ सालचं, मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांचं. १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी त्यात सुधारणा करून नवं पेटंट घेतलं, त्यानंतर तो फ्रान्समधल्या कारखान्यात बनू लागला आणि फ्रेंच म्हणून जगभर गेला. ब्रिटनमध्ये त्यालाच कॅफेटिएर म्हणतात, ऑस्ट्रेलियात प्लंजर.

भांड्यात नेमकं काय होतं

भाजलेल्या कॉफीच्या दाण्याचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा भाग लाकडाच्या जातीचा, तो कितीही उकळा, चोथा होऊन मागेच राहणार. पण विरघळू शकणारं सगळंच आपल्याला हवं असतं असं नाही. पाणी लागताच आधी आंबट आणि फळांसारख्या वासाची द्रव्यं सुटतात, मागून गोडसर, खरपूस चवी येतात आणि कडू, तुरट द्रव्यं रेंगाळत शेवटी निघतात. सगळं एकाच वेळी सुरू असतं खरं, वेग मात्र वेगवेगळे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातले अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या गोष्टींची मोजमापं मांडून एक तक्ता तयार केला. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरला की चव जुळते, हा आजही वापरला जाणारा अंदाज तिथूनच आला.

आकड्यांत बघू. ३० ग्रॅम पूड आणि ५०० ग्रॅम पाणी घेतलं. २० टक्के अर्क उतरला म्हणजे फक्त ६ ग्रॅम ऐवज पाण्यात गेला. आपण ज्याला कॉफी म्हणतो ते जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. उरलेला चोथा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून बसतो, त्यामुळे कपांत येते ती ४४० ग्रॅमच्या आसपास. हे धरून बसलेलं पाणी पाहूनच पिळायचा मोह होतो. पण त्यात वेगळा, जास्त कसदार असा अर्क दडलेला नसतो. वर जे आहे तेच त्यात आहे, आणि पिळलं की त्याच्यासोबत धुळीसारखा गाळ कपात येतो.

प्रेसमध्ये पूड सगळ्या पाण्यात एकदम मुरत पडलेली असते. कागदाच्या फिल्टरवर वरून धार सोडतात तेव्हा पुडीला सतत कोरं पाणी मिळतं आणि ते शेवटपर्यंत काही ना काही ओढत राहतं. मुरवण्याच्या पद्धतीत तसं होत नाही. पहिल्या मिनिटात पाणी कोरं असतं, ते अधाशासारखं ओढून घेतं. जसजसं ते भरत जातं तसतशी त्याची ओढ मंदावते. म्हणून पाचव्या मिनिटाला आणि आठव्या मिनिटाला काढलेल्या कॉफीत लोक समजतात तेवढा फरक नसतो. 'चार मिनिटांवर दहा सेकंद गेले, कडू झाली' ही भीती मी कधीच सोडून दिली. घरी कॉफी करायला हीच पद्धत सगळ्यात सोशिक वाटते, ती यामुळे.

आता 'कडक' या शब्दाबद्दल. मराठीत हा शब्द कॉफीचं बरंच नुकसान करतो. कडक म्हणजे कोणाला दाट हवी असते, कोणाला कडू, आणि दोघेही एकच शब्द वापरतात. दाटपणा ठरतो पुडीच्या आणि पाण्याच्या प्रमाणावर. कडूपणा बराचसा ठरतो दाणा किती गडद भाजलाय आणि त्यातून किती अर्क ओढलाय यावर. चमचाभर पूड अगदी बारीक दळून, खूप पाण्यात, खूप वेळ ठेवली तर कॉफी पाणचट आणि कडू, दोन्ही होते. उलट भरपूर पूड भरड दळून दोनच मिनिटांत गाळली तर घट्ट आणि तरीही आंबट. म्हणजे 'कडक हवी' म्हणून जास्त वेळ मुरवत ठेवणं हा चुकीच्या रोगावरचा उपाय झाला. दाट हवी असेल तर पूड वाढवा. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम ही सुरुवात, तिथून ७० पर्यंत जाऊन बघावं.

त्यासाठी वजनकाटा लागतो, आणि यात मी तडजोड करत नाही. हलका भाजलेला दाणा जड आणि घट्ट असतो, गडद भाजलेला फुगून पोकळ झालेला. एकाच चमच्याने दोन्ही मोजले तर वजनात चांगलाच फरक पडतो आणि मग काल छान झालेली कॉफी आज का बिघडली ते कळतच नाही.

दळण

पैसे खर्च करायचेच असतील तर प्रेसवर करू नका, ग्राइंडरवर करा. फिरत्या पात्याचा ग्राइंडर दाणे दळत नाही, तोडतो. काही दाण्यांची धूळ होते, काहींचे चार तुकडे होऊन पडतात. धुळीतून सगळं काही, नको असलेलंही, मिनिटाभरात बाहेर येतं. तुकड्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही. अशी कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही, आणि पिणारा बिचारा दाण्याला दोष देतो. दोन दातेरी कड्यांमध्ये दाणे भरडणारा बर ग्राइंडर, हाताने फिरवायचा का असेना, पुष्कळ एकसारखं दळतो.

जाडी चिमटीत पाहावी. थोडी पूड अंगठा आणि तर्जनी यांत चोळली की कण वेगवेगळे जाणवले पाहिजेत, जाड मिठासारखे. मैद्यासारखी गुळगुळीत लागली तर ती प्रेसची पूड नव्हे. माझ्या मनगटाची गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. मात्र बाजारात प्रेससाठी म्हणून जी पूड मिळते ती मला नेहमी जास्तच भरड वाटते. एवढी भरड दळायची शिफारस होते ती जाळी अडू नये म्हणून. आपण जाळी खाली रेटणारच नसलो (ते कृतीत येईलच) तर ग्राइंडरच्या एक-दोन खाचा बारीक दळायला हरकत नाही, चव भरते.

दळताना पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटते, उडते, ओट्यावर सांडते. घर्षणाने तयार होणारी स्थिर वीज हे त्याचं कारण. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवलं की हा त्रास जवळजवळ जातो. कॉफीवाले हे कधीपासून करत होते. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप करून दाखवलं की दाण्यातल्या ओलाव्याचा या विजेशी थेट संबंध आहे. थेंब म्हणजे थेंबच. दाणे भिजवायचे नाहीत.

दळायचं ते करायच्या वेळी. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो आणि हळूहळू बाहेर पडतो. दळलं की तो भसकन निघतो, आणि त्याच्याबरोबर वासही. डबा उघडल्यावर खोलीभर दरवळणारी कॉफी कपातून कमी झालेली असते. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल ते पाकीट घ्यावं, हवाबंद डब्यात अंधारात ठेवावं. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल आणि इतर पदार्थांचे वास दोन्ही लागतात. फार दिवस ठेवायचीच असेल तर लहान पुड्या नीट बंद करून फ्रीजरमध्ये.

पाणी

९९ टक्के पाणी आहे म्हटल्यावर पाण्याकडे बघायलाच हवं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थोडे असले तर कॉफी भरीव लागते. अगदीच क्षारविरहित, डिस्टिल्डसारख्या पाण्यात ती सपक आणि बोचरी होते. उलट जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात आणि चव बोथट, खडूसारखी येते. क्लोरीनचा वास येणारं पाणी तर नकोच. जे पाणी नुसतं प्यायला गोड लागतं ते सहसा चालतं.

तापमानाबद्दल बरंच लिहिलं जातं, तितकं डोकं लावायची गरज नाही. ९२ ते ९६ अंश हा आकडा सगळीकडे दिसेल. पण थंड काचेच्या भांड्यात आणि थंड पुडीवर उकळतं पाणी ओतलं की ते त्या क्षणी काही अंश खाली येतंच. मी हलक्या आणि मध्यम भाजणीला सरळ उकळतं पाणी वापरतो. गडद भाजणीचा दाणा ठिसूळ असतो, पटकन सगळं सोडतो. त्याला गॅस बंद करून दोन मिनिटं थांबलेलं पाणी बरं. भांडं मात्र आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

प्रत्यक्ष कृती

प्रेस वजनकाट्यावर ठेवा, ३० ग्रॅम पूड घाला, काटा शून्यावर आणा आणि ५०० ग्रॅम पाणी सगळी पूड भिजेल असं ओता. घड्याळ लावा. झाकण लावायची घाई नको, कारण आता बघण्यासारखं असतं. ताज्या दाण्यांची पूड वायू सोडत फुगते आणि पाण्यावर तपकिरी थर धरते, जाडजूड, मध्ये मध्ये भेगा पडलेला. भेगांतून बुडबुडे येतात. थर धरलाच नाही, पूड मुकाट्याने तळाशी गेली, तर कॉफी शिळी आहे असं समजा.

चार मिनिटांनी चमचा घ्या आणि त्याच्या पाठीने थर हलकेच दोन-तीनदा मागे सारा. नाक जवळ न्या, सगळ्यात मोठा वास या घटकेला येतो. कॉफीची पारख करणारे लोक चव तपासताना हेच करतात, थर मोडतात आणि तोंड जवळपास कपात घालून वास घेतात. थर मोडला की फुगून वर तरंगणारे कण जड होऊन खाली बसायला लागतात. वर उरतो तो फिकट फेस आणि थोडे चुकार कण. ते दोन चमच्यांनी काढून टाका. फेस कडवट असतो, चाटून पाहा हवं तर.

मग थांबा. आणखी पाच मिनिटं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. आपण नुकतंच पाहिलं की या वेळात अर्क फारसा वाढत नाही. वाढते ती निवळ: बारीक गाळ तळाशी बसतो आणि कॉफी पिण्याजोगी कोमट होते. भाजणाऱ्या कॉफीतली चव जिभेला कळत नाहीच. गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलं की काही वेळाने वरचं नितळ होतं, तसंच हे. आणि निवळलेलं पाणी काढताना आपण हंडा ढवळत नाही.

म्हणून दांडा. झाकण लावा आणि जाळी कॉफीच्या पृष्ठभागाला टेकेल इतकीच खाली आणा. तळापर्यंत नेली की बसलेला गाळ उसळतो आणि पाच मिनिटं वाट पाहिलेली फुकट जाते. हळू, एका धारेत कपात ओता आणि तळातलं बोटभर भांड्यातच राहू द्या. शेवटचे दोन घोट वाचवण्याच्या नादात सगळा कप गढूळ होतो. लगेच प्यायची नसलेली कॉफीही दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा, चोथ्यावर बसू देऊ नका. गरम राहावी म्हणून आचेवर ठेवण्यात तर अर्थच नाही. त्यातली आम्लं मोडतात आणि ती आंबट-कडू होत जाते.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आंबट, पोकळ लागली तर बारीक दळा. कडू, जीभ कोरडी करणारी लागली तर भरड दळा, किंवा पाणी जरा कमी गरम घ्या. पातळ लागली तर पूड वाढवा. प्रमाण, जाडी आणि तापमान तिन्ही एकदम बदलली आणि कॉफी सुधारली, तर नेमकं कशाने ते देवालाच ठाऊक.

दुसरा प्रेस

हाताने दाबायचा आणखी एक प्रकार आहे, एअरोप्रेस. अमेरिकेतल्या ॲलन ॲडलर यांनी तो २००५ मध्ये आणला. हेच गृहस्थ त्याआधी एअरोबी नावाच्या उडत्या कड्यासाठी ओळखले जात. दिसायला मोठ्या सिरिंजसारखा, तळाशी कागदाची गोल चकती. इथे दाबावं लागतं खरं, कारण कागदातून आणि बारीक पुडीतून पाणी आपणहून लवकर उतरत नाही. तरी नळीचा व्यास सहाएक सेंटिमीटर धरला तर १० किलोच्या जोरालाही दाब बारच्या एक तृतीयांशाच्या आसपासच. म्हणजे हीदेखील मुरवून गाळलेली कॉफीच, फक्त बारीक दळलेली, दीड-दोन मिनिटांत होणारी आणि अगदी नितळ. एकट्यासाठी, प्रवासात उत्तम. २००८ मध्ये ऑस्लोत हौसेखातर त्याची जागतिक स्पर्धा भरली तेव्हा स्पर्धक होते तीनच, ती आता खरंच जगभर होते.

कागद आणि धातूची जाळी यांतला फरक नुसता चवीचा नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं, कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बहुतांशी अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. फ्रेंच प्रेसच्या कॉफीला जो जाडसर, रेंगाळणारा पोत येतो तो याच तेलामुळे आणि गाळामुळे, त्यामुळे दोन्ही एकत्र मिळायचं नाही. कधीतरी एखादा कप पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रोज चार-पाच कप होत असतील आणि कोलेस्टेरॉल आधीच वर असेल, तर कागदातून गाळलेली प्यावी.

शेवटी धुणं, ताईच्या शब्दातलं नव्हे, भांड्याचं. हेच तेल जाळीच्या पदरांत अडकतं आणि चार दिवसांत खवट होतं. दाणे ताजे, पाणी चांगलं, तरी कॉफीला जुनाट वास येतोय, तर आधी जाळीचा वास घ्या. दांड्याचं टोक फिरवलं की जाळी, तिच्या खालची भोकांची चकती आणि कडेची स्प्रिंग सुटी होतात. रोज नुसतं विसळलं तरी चालेल, आठवड्यातून एकदा सुटं करून साबणाने घासावं. चोथा सिंकमध्ये ओतू नये, पाईप तुंबतो. भांड्यात थोडं पाणी घालून हलवावं, गाळणीवर उपडं करावं आणि गाळणीतलं केराच्या डब्यात टाकावं. जाळी परत जोडायची ती पूर्ण वाळल्यावर.